धारेची निगा

एखाद्याचें पाणी जोखणें हा वाक्प्रचार आपण माणसांविषयीं नित्य योजतों; पण पोलादाला दिलेल्या पाण्यावर केवढे कारखाने चालतात, हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

पत्रे कापणारी यांत्रिक कातर घ्या. खालचें पातें स्थिर, वरचें किंचित् तिरपें. दोहोंमधील फट पत्र्याच्या जाडीच्या मानानें ठेवावी लागते. फट वाढली किंवा धार बोथटली, कीं पत्रा नीट न कापतां फाटतो व त्याच्या कडेला खरबरीत काठ उमटतो. पुष्कळ पात्यांना चार धारा असतात. एक झिजली कीं पातें फिरवून दुसरी पुढें आणितात. चारही झिजल्यावर पातें घांसावें लागतें आणि खरा धोका येथेंच आहे. उतावीळपणें दाबून घांसल्यास पोलाद तापतें व त्याचें पाणी उतरतें. मग पातें दिसावयास लखलखीत, पण कामास कुचकामी!

ही निगा दीर्घकाळ कारागिराच्या डोळ्यांवर व बोटांवर अवलंबून होती. 1740 नंतरच्या दशकांत बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें शेफील्डजवळ मुशींत पोलाद वितळविलें. 1868 सालीं रॉबर्ट मशेट यानें टंगस्टन मिसळून, हवेंतच कठीण होणारें पोलाद काढलें. पोलाद सुधारलें, तरी तें घांसणारा हात जुनाच राहिला.

अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर यानें 1880 पासून याचा पिच्छा पुरविला. त्याचे प्रयोग लेथच्या हत्यारांवर होते. परंतु घांसतांना तापूं न देण्याचा नियम कातरीलाहि लागू आहे. मौन्सेल व्हाइटसह त्यानें सिद्ध केलेलें हत्यार 1900 च्या पॅरिस प्रदर्शनांत तापून लाल झालें तरी कापीत राहिलें. 26 वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तान्त त्यानें 1906 सालीं प्रसिद्ध केला. कामगारानें आपल्या मनाप्रमाणें हत्यार घांसूं नये, तें हत्यारखान्यांत ठरीव आकारानेंच घांसावें, असा त्याचा आग्रह होता.

हा आग्रह शास्त्रदृष्ट्या योग्य होता, असें आम्हांस वाटतें. परंतु पातें जड चालूं लागल्याचें प्रथम कळतें तें यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला. त्याला केवळ हुकमाचा ताबेदार केलें, तर तो तें सांगेल कशाला? 1911 सालीं वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारांत टेलरपद्धतीच्या वेळमोजणीविरुद्ध ओतकामगारांनीं संप केला, त्याच्या मुळाशींहि हाच मानाचा प्रश्न होता. हत्यारखान्यानें कोन राखावा आणि कारागिराचा शब्द तेथें ऐकला जावा. दोन्ही झालें तरच धार टिकते.