माया आणि हातोटी

मंडळी, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या घरातले माणूस दवाखान्यात खाटेवर पडले आहे. त्याच्या उशाशी दोन शिकाऊ परिचारिका येतात. एक गोड बोलणारी, ‘आजोबा, आजोबा’ म्हणून विचारपूस करणारी. दुसरी अबोल, पण हाताने चपळ आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारी. तुम्ही कोणीला चांगली म्हणाल? बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. मीही एके काळी तसेच केले असते. पण इतिहास काय सांगतो ते आधी पाहू, आणि मग ठरवू.

आपल्याकडे आजाऱ्याची सेवा हे घरच्या बाईचे काम. बाळंतपणाला सुईण, तापाला काढा, आणि रात्रभर कपाळावर ओली घडी ठेवणारी आई. माया होती, तिला तोटा नव्हता. परंतु सेवा ही शिकायची गोष्ट आहे, तिला शाळा लागते, हे कोणाच्या गावी नव्हते. युरोपातही फारसे वेगळे चित्र नव्हते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ही बाई अडतीस जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. रात्री हातात दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, एवढेच चित्र आपल्या मनात असते. पण त्या चित्रामागची हकीकत गुरुजनांनी मुलांना अवश्य सांगावी. त्या पहिल्या हिवाळ्यात, एवढी सेवा चालू असताना, माणसे मरायची थांबली नाहीत. उलट जास्तच मरू लागली. कारण काय? इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि आत हवा खेळत नव्हती. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ केली, हवेला वाट करून दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. युद्ध संपल्यावर नाइटिंगेलबाईंनी आकडे मांडून बसून हे सगळे तपासले. नुसत्या कळवळ्याने माणूस वाचत नाही, हा धडा त्यांनी आयुष्यभर विसरला नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली ती ह्या धड्यातून.

आता उलटी बाजू पाहा, आणि ती आपल्या पुण्यातलीच आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईतला प्लेग पुण्यात शिरला. १८९७ साली रँडसाहेबाच्या कमिटीने गोरे शिपाई घरोघर घातले. रोगी हुडकायचा, त्याला वेगळा ठेवायचा, घर निर्जंतुक करायचे. शास्त्र म्हणून ह्यातले बरेचसे चुकीचे नव्हते. पण देवघरात बूट गेले, बायामाणसांची अब्रू राहिली नाही, आणि लोक आपला रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे पसरलेला रोग. त्या जुलमाचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकरांच्या गोळीत झाला, तो इतिहास तुम्हांला माहीत आहे. मायेवाचून केलेला उपाय रोग्यापर्यंत पोहोचतच नाही, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

त्याच साथीत एक म्हातारी बाई काय करीत होती? सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी गोळा करून तिथे आणीत. मुंढव्याच्या वस्तीतले एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि त्यातच त्यांना प्लेग लागला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वयाची पासष्टी गाठलेली बाई ते पोर उचलते ती माया. आणि घरी अंगारा न लावता नेमके दवाखान्यात आणते ती समज. ह्या दोन्ही गोष्टी एकाच पाठीवर होत्या, हे विसरू नका.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले. त्याच्या आधी मिरजेत डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले होते. पण पांढरपेशा हिंदू घरातली बाई परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, मलमूत्र काढणार, जातपात न पाहता पाणी पाजणार, ही कल्पनाच समाजाला सोसवत नव्हती. सेवासदनाने बायकांना, त्यांत कित्येक तरुण विधवांना, ससून रुग्णालयात शिकायला पाठवले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या पहिल्या बायांना किती बोल ऐकावे लागले असतील, त्याची कल्पनाच करावी. घरी फुकट केलेल्या सेवेला पुण्य म्हणायचे, आणि तीच सेवा शिकून, पगार घेऊन केली की नाक मुरडायचे, हा आमचा जुना दुटप्पीपणा. त्याची किंमतही देशाने मोजली. १९४६ च्या भोर समितीने हिशेब काढला तेव्हा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक! १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला देशभर एक मोजमाप आले.

हे झाले पुस्तकातले. आता थोडे घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी माझे वडील खुब्याचे हाड मोडून एका मोठ्या रुग्णालयात पडून होते. शेतकरी माणूस, जन्मात दवाखाना न पाहिलेला. सुरुवातीला सांगितलेल्या दोन पोरी मी तिथेच पाहिल्या. पहिली आली की वडील खुलत. तिच्या गावाच्या, यात्रेच्या गप्पा होत. पण त्यांना कुशीवर वळवायची वेळ गप्पांत टळून जाई. दुसरी मुकाट्याने यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच आणि माकडहाड पाहायची. एके दिवशी माकडहाडापाशी लाली दिसली. तिने बोटाने दाबून पाहिले. दाबल्यावर कातडी पांढरी पडली नाही, तशी ती तडक सिस्टरांकडे गेली. मला त्या लालीचा अर्थ कळला नव्हता. ती पाठीच्या जखमेची पहिली खूण होती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वडिलांचे ओठ सुकलेले आणि लघवी पिवळी जर्द पाहून ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, भांडं मागायला लाज वाटते म्हणून पाणी कमी पिता का?” वडिलांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. चार दिवस उशाशी बसून मला, त्यांच्या पोटच्या पोराला, हे उमगले नव्हते. तिने त्यांच्या वेळेला पुरुष मदतनीस यायची व्यवस्था केली, आणि संध्याकाळपर्यंत तांब्या रिकामा झाला. आता सांगा, ही माया की हातोटी? मला तर त्यांच्यामध्ये रेघ ओढता येईना. लाज ओळखायला माया लागली, आणि लघवीचा रंग वाचायला शिक्षण.

पॅट्रिशिया लार्सन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९८४ च्या सुमारास कर्करोगाचे रोगी आणि त्यांच्या परिचारिका यांना वेगवेगळे विचारले, की आपुलकी कशात दिसते? परिचारिका म्हणाल्या, ऐकून घेण्यात, धीर देण्यात. रोग्यांनी मात्र वरचे मान दिले ते काम नीट येण्याला, वेळेवर लक्ष ठेवण्याला. खाटेवर पडलेल्याला सफाईने टोचलेली सुईसुद्धा मायाच वाटते!

ह्याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईत आहे. के.ई.एम. रुग्णालयातली तरुण परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने निर्घृण हल्ला केला. मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. त्या दिवसापासून १८ मे २०१५ ला ती जाईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळले. न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलली. पिढ्या उलटल्या; हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या अशा मुली तिची सेवा करू लागल्या. २०११ मध्ये तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. तो फेटाळताना न्यायालयाने ह्या परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला, आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम झाली नाही, ह्याची नोंद घेतली. शिक्षक मंडळींनो, ह्या एका वाक्याचा विचार करा. जखम न होणे म्हणजे हजारो वेळा, रात्री-अपरात्री, कोणी पाहत नसताना, वेळेवर कूस बदललेली असणे. मायेला मोजमाप नाही असे म्हणतात. हे तिचे मोजमाप नव्हे काय?

आता आपल्या भवानीनगरकडे वळू. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, छत्रपती कारखाना उभा राहिला. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांत बाळंतिणीही असतात, तान्ही पोरेही असतात. त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचते ती गावची नर्सबाईच. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, म्हणजे मोठा वॉर्डही आता दूर राहिला नाही. ह्या वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुली आणि मुलगेही तुमच्याच वर्गातून जायचे आहेत.

म्हणून गुरुजनांना विनंती आहे. एखादी पोर पडलेल्या मैत्रिणीला उचलते, तिचा गुडघा धुते आणि जखमेत माती राहिली का तेही पाहते, अशी पोर हेरून ठेवा. तिच्या घरी जाऊन बापाला सांगा की हे काम हलके नाही. आणि गावकरी मंडळींनो, दवाखान्यात शिकाऊ पोर थरथरत्या हाताने नाडी पाहू लागली, तर तिच्यावर खेकसू नका. दहा माणसांनी हात पुढे केला, तरच अकराव्याच्या नाडीवर तिचे बोट स्थिर होते.

माझ्या वडिलांना घरी आणल्यावर मी विचारले, “त्या दोघींतली मायाळू कोण हो?” वडिलांनी दुसरीचे नाव घेतले. म्हणाले, “पहिली गोड होती रे. पण हिला माझं कळत होतं.”