सोपा शब्द कोणाला सोपा?

काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काम करीत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर दक्षिण अमेरिकेतून आलेला एक सहकारी होता. त्याची मातृभाषा स्पॅनिश. इंग्रजी शोधनिबंध तो माझ्यापेक्षा भरभर वाचत असे. 'इव्हॅपोरेट', 'प्रेसिपिटेट', 'सॉल्युबल', 'सबटेरेनियन' असल्या शब्दांना तो कधी अडला नाही. पण एक दिवस प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने त्याला, नळी गळते आहे, द्रव सांडू देऊ नका, एवढेच इंग्रजीत सांगितले, तेव्हा तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. 'लीक' आणि 'स्पिल' हे दोन शब्द त्याला ठाऊक नव्हते! मला हसू आले. मग लक्षात आले की माझी गोष्ट नेमकी उलटी होती. 'लीक' मी शाळेतच शिकलो होतो. 'प्रेसिपिटेट' मात्र कॉलेजात घोकून पाठ करावा लागला होता.

याचे कारण इतिहासात आहे. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, मेजवानी यांची भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही हजारो शब्द उचलले. स्पॅनिश ही लॅटिनचीच मुलगी. त्यामुळे इंग्रजीतला पंडिती शब्द स्पॅनिश माणसाला घरचा वाटतो. 'इव्हॅपोरेट' म्हणजे त्याचा 'एव्हापोरार', 'युनिव्हर्सिटी' म्हणजे 'उनिव्हेर्सिदाद', 'नेशन' म्हणजे 'नासिओन'. पण ढवळणे, गळणे, सांडणे, ठिबकणे या रोजच्या हातच्या कामांचे इंग्रजी शब्द जर्मानिक मुळाचे राहिले. त्यांना स्पॅनिशमध्ये नातलग नाहीत. शिवाय नातलगांत काही तोतयेही आहेत. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गर्भवती. 'लिब्रेरिया' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग नव्हे, यश.

मग स्पॅनिश मुलाला इंग्रजी शब्द शिकवायचे कसे? संदर्भातून शिकवा, असे उत्तर आज बहुतेक शिक्षक देतील. यादी पाठ करून घेऊ नका, वाक्यात, प्रसंगात शब्द भेटू द्या. उत्तर चांगलेच आहे. पण संदर्भ म्हणजे काय, हे न तपासता ते अमलात आणले तर काय होते, याचा एक प्रचंड प्रयोग एका बेटावर जवळजवळ पन्नास वर्षे चालला.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि कॅरिबियन समुद्रातले प्वेर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आले. त्या वेळी तिथे सुमारे साडेनऊ लाख लोक होते आणि चार शतके तिथे स्पॅनिश नांदत होती. नव्या राज्यकर्त्यांना बेटाचे नाव धड लिहिता येत नव्हते. 'पोर्तो' असे चुकीचे रूप सरकारी कागदांत रूढ झाले, ते दुरुस्त व्हायला १९३२ साल उजाडावे लागले. पण मुलांनी इंग्रजी शिकावे, नव्हे इंग्रजीतून शिकावे, याची घाई मात्र फार होती.

सुरुवातीला प्राथमिक शाळेत स्पॅनिश आणि वर इंग्रजी अशी वाटणी होती. १९०५ च्या सुमारास शिक्षण आयुक्त रोलंड फॉकनर यांनी पहिलीपासून सगळेच इंग्रजीतून शिकवायचे ठरवले. गणित, भूगोल, निसर्गाभ्यास, सारे काही. यामागचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. मुलाच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडले की ते आपोआप येईल. म्हणजे संदर्भातूनच शिकणे! पुस्तके पुष्कळदा अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेली असत. शिक्षक बहुधा स्थानिक, स्वतःच इंग्रजीशी झगडणारे. भागाकार समजावताना शब्द अडला तर मुलाचा भागाकारही जाई आणि शब्दही जाई.

१९१६ मध्ये धोरण बदलले: चौथीपर्यंत स्पॅनिश, सहावीपासून इंग्रजी, पाचवी मधल्यामध्ये. त्याच वर्षी होसे पादीन नावाच्या तरुण शिक्षणाधिकाऱ्याने बेटावरच्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रश्नावर अहवाल लिहिला. १९२५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातले तज्ज्ञ पाहणीला आले. त्यांना दिसले की बहुसंख्य मुले तिसरीच्या पुढे जातच नाहीत. शाळेतली जी दोन-तीन वर्षे त्यांच्या वाट्याला येतात, ती न कळणाऱ्या भाषेत का घालवायची? चौथीच्या आधी इंग्रजी नको, अशी शिफारस त्यांनी केली. पादीन पुढे स्वतः आयुक्त झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळा स्पॅनिश केल्या. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या आयुक्तांना पत्र लिहून इंग्रजीवर भर द्यायला सांगितले, काटा पुन्हा फिरला. १९४६ साली बेटाच्या विधिमंडळाने स्पॅनिश माध्यमाचा कायदा संमत केला, तो ट्रुमन यांनी नाकारला. अखेर बेटाला लोकांनी निवडलेला पहिला गव्हर्नर मिळाल्यावर, १९४९ मध्ये, शिक्षणप्रमुख मारिआनो व्हियारोंगा यांनी सर्व इयत्तांना स्पॅनिश माध्यम केले. इंग्रजी हा एक विषय म्हणून राहिला. या अर्धशतकात मोठ्यांची जी रस्सीखेच चालली, तिच्यात पहिलीतल्या मुलाला कोणी काही विचारले नव्हते, हे सांगायला नकोच.

या प्रयोगात चुकले काय, याचे उत्तर खरे तर आपल्या उपखंडात त्याआधीच मिळत होते. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट बंगाली मुलांचे इंग्रजी वाचन तपासत होते. त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना आढळले की इंग्रजी वाचनमालांत नवे शब्द फार दाट पेरलेले असतात आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटतच नाही. वेस्ट यांनी मग गोष्टी अशा लिहिल्या, की ओळखीच्या शब्दांच्या गर्दीत एखादाच नवा शब्द यावा आणि तो लगेच पुनःपुन्हा यावा.

साधा हिशेब करून पाहा. पानावर तीनशे शब्द आहेत आणि दर पन्नासात एक अनोळखी आहे, तर पानावर सहा शब्द अडतील. गोष्टीचा धागा सुटणार नाही. दर दहात एक अनोळखी असेल, तर तीस शब्द अडतील, आणि मग एका अनोळखी शब्दाचा अर्थ ज्यावरून ओळखायचा तो शेजारचा शब्दही अनोळखीच निघेल. अलीकडचे संशोधनही याच आकड्यांच्या आसपास फिरते. बटिया लॉफर यांनी १९८९ मध्ये निदान ९५ टक्के शब्द ओळखीचे हवेत असे मांडले. हू आणि नेशन यांनी २००० साली, मदतीशिवाय वाचायचे तर सुमारे ९८ टक्के हवेत, असे दाखवले. ९८ टक्के म्हणजे पन्नासात एक. आणि एवढे असूनही एका भेटीत शब्द पदरात पडेलच असे नाही. दोघा डच संशोधकांनी १९९९ मध्ये वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा वाचनाच्या ओघात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सरासरी पंधराच मुलांना कळलेले दिसले.

प्वेर्तो रिकोच्या मुलाच्या पानावर शंभरातले किती शब्द ओळखीचे असतील? संदर्भ ही अंधारात लावलेली पणती असते. पण तिच्यात तेल आधीच असावे लागते.

माध्यम बदलल्यावर बेटाने इंग्रजी सोडले नाही, उलट ते विचारपूर्वक शिकवायला घेतले. मिशिगन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांना बोलावले गेले. पॉलिन रोहास यांच्या सहकार्याने खास स्पॅनिश मुलांसाठी पाठ्यपुस्तकांची माला तयार झाली. फ्राइझ यांचा भर वाक्यरचनेवर होता, शब्दसंपत्तीला त्यांनी जरा मागे ठेवले. ही मला त्यांच्या पद्धतीतली उणीव वाटते. ती त्यांचेच सहकारी रॉबर्ट लाडो यांनी काही अंशी भरून काढली. लाडो जन्मले अमेरिकेत, वाढले स्पेनमध्ये आणि एकविसाव्या वर्षी परतून इंग्रजी शिकले. १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन भाषांतले शब्द शेजारी ठेवून तपासायला शिकवले: कोणते सारखे, कोणते तोतये, कोणते सर्वस्वी परके.

१९५९ नंतर क्यूबातून हजारो कुटुंबे मायामीला आली. रोहासबाई आता तिथे होत्या. १९६३ च्या सप्टेंबरात तिथल्या कोरल वे या प्राथमिक शाळेत अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश असा कार्यक्रम सुरू झाला. तोही दोन्ही भाषांच्या मुलांसाठी! एका भाषेत शिकलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत पुन्हा भेटे. पाण्याची वाफ होते हे एकदा समजले, की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द नवा असतो, वाफ जुनीच असते. १९६८ च्या पाहणीत इथली मुले इंग्रजी आणि अंकगणितात, दिवसभर इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांच्या मागे पडलेली आढळली नाहीत.

एक गोष्ट मात्र अनेकांना चकित करून गेली. घरचे शब्दही मुलांना आपोआप ओळखू येत नाहीत. १९९३ मध्ये विल्यम नॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चौथी ते सहावीच्या स्पॅनिशभाषक मुलांचे इंग्रजी वाचन तपासले. स्पॅनिश शब्द माहीत असूनही त्याचा इंग्रजी भाऊ समोर आला, तर पुष्कळदा मुलांना तो दिसत नव्हता. ज्यांना दिसला, त्यांना त्याचा फायदा झाला. म्हणजे कोणीतरी बोट दाखवावे लागते.

आपल्या वर्गात हे हिंदीच्या तासाला सहज पाहता येईल. 'पुस्तक', 'नदी', 'प्रकाश' हे शब्द मुलांना फुकट मिळतात. पण हिंदीतली 'शिक्षा' मराठी मुलाला घाबरवते, 'चेष्टा' त्याला थट्टा वाटते, आणि 'सारा संसार' म्हटले की त्याला भांडीकुंडी आठवतात. असे शब्द मुलांनाच शोधून वहीत तीन रकान्यांत लिहायला सांगावे. विज्ञानाच्या पुस्तकाचे एक पान घेऊन त्यातले अनोळखी शब्दही मुलांकडून मोजून घ्यावे. निघालेला आकडा पन्नासात एक याच्याशी ताडून पाहावा. माझ्या अंदाजाने तो आपल्याला थोडा अस्वस्थ करील.

माझ्या त्या सहकाऱ्याने नंतर एक वही केली होती. तिच्यात यादी नव्हती. प्रत्येक पानावर एका उपकरणाचे चित्र होते, आणि जिथे द्रव गळतो, ठिबकतो, ढवळला जातो किंवा सांडतो, तिथे तिथे बाण काढून त्याने ते छोटे छोटे इंग्रजी शब्द लिहिले होते. मोठ्या शब्दांसाठी त्याला वही लागत नव्हती.