पोलीस ठाण्यात गुपचूप रेकॉर्डिंग केलं तर गुन्हा होतो का?

उल्हासनगर : तक्रार द्यायला गेलेल्या माणसाचा खिशातला मोबाईल चालू आहे हे लक्षात आलं, की बऱ्याचदा पहिला दम मिळतो तो 'गोपनीयतेच्या कायद्या'चा. हा दम कितपत खरा, हे माहीत असलेलं बरं. बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. अशा वेळी ठाण्यात कोण काय बोललं, हे नंतर सिद्ध कसं करणार?

शासकीय गोपनीयता कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, हेरगिरी रोखण्यासाठी केलेला. त्यात 'प्रतिबंधित ठिकाणां'ची व्याख्या दिलेली आहे. लष्करी ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने अशी ती ठिकाणं. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी त्यात बसेल, पोलीस ठाणं बसत नाही. वर्ध्यात ठाण्यातील बोलण्याचा व्हिडिओ काढल्याबद्दल दाखल झालेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केला. पाथर्डी ठाण्यातील संभाषण रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तेच सांगितलं. म्हणजे नुसत्या रेकॉर्डिंगसाठी हे कलम लागत नाही.

पण म्हणून मोबाईल साहेबांच्या तोंडासमोर धरायचा असं नाही. कामात अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आणि धक्काबुक्की झाली तर कलम १३२ लागू शकतं. आपण स्वतः ज्या बोलण्यात आहोत ते टिपणं वेगळं आणि दुसऱ्या दोघांचा फोन चोरून ऐकणं वेगळं. दुसरा प्रकार बेकायदाच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल अशी क्लिप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर टाकणाराच आरोपी होतो.

क्लिप कोर्टात चालते का? चालते. गुपचूप टेप केलेलं संभाषण तेवढ्याच कारणाने बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच मलकाणी खटल्यात सांगून ठेवलंय. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाईल कापू-जोडू नका आणि फोनही जपून ठेवा. इथेच बरेच जण चुकतात. क्लिप दहा जणांना पाठवतात आणि मूळ फाईल उडवून टाकतात.

ठाण्याचा स्वतःचा कॅमेराही विसरू नका. डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावून फुटेज १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायला सांगितलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिललाईन ठाण्यातील गोळीबार सगळ्यांनी पाहिला तो अशाच कॅमेऱ्यातून. त्यामुळे ठाण्यात काही वावगं घडलं तर तारीख-वेळ लिहून फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. ठाण्यात अर्ज घेत नसतील तर उल्हासनगरला परिमंडळ ४ च्या पोलीस उपायुक्तांकडे द्या. लाच मागितली जात असेल तर क्लिप फिरवत बसण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर लावा.