क्लाउड लॉग : कोड एडिटरमधील पाहणी

दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अ‍ॅपच्या नोंदी (लॉग) कोड एडिटरमध्येच वाचण्याची व गाळण्याची सोय. व्हीएस कोड या एडिटरमध्ये अ‍ॅमेझॉनचे ‘एडब्ल्यूएस टूलकिट’ किंवा गूगलचे ‘क्लाउड कोड’ हे एक्स्टेन्शन घातले, की त्यासाठी ब्राउझर उघडावा लागत नाही. अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केले. निम्न तेरणा धरणाच्या माकणीत (ता. लोहारा, जि. धाराशिव) बसलेल्या प्रोग्रामरला इंटरनेट असले, की मुंबईतल्या सर्व्हरचा लॉग लॅपटॉपवर पाहता येतो.

घोटाळा बहुधा वेळेचा होतो. नोंदीवरची वेळ सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. ‘1 जुलै, 20:45, एरर’ ही नोंद भारतीय वेळेनुसार 2 जुलैच्या पहाटे 2:15 ची. तारीखच बदलते, आणि नवखा माणूस भलत्याच दिवसाचा लॉग चाळत बसतो. आधी ‘एरर’वर गाळणी लावावी, मग त्या नोंदीच्या मागची-पुढची मिनिटे वाचावीत; खरे कारण पुष्कळदा आधीच्या साध्या इशाऱ्यात सापडते.

गूगलच्या नेहमीच्या साठ्यात नोंदी 30 दिवस राहतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत मुदत घातली नाही, तर त्या कायम राहतात व साठवणुकीचे बिल वाढते. पासवर्ड, आधार क्रमांक लॉगमध्ये कधीही लिहू नयेत.