निराशावादी माणूस आशावादी होऊ शकतो का? पन्नास वर्षांच्या संशोधनाची गोष्ट

मधुमेहाचे रुग्ण तपासताना एक वाक्य मला वारंवार ऐकू येते. साखर वाढलेली असते, मी पथ्य आणि चालण्याविषयी बोलू लागतो आणि समोरून उत्तर येते, "डॉक्टर, माझ्या बाबतीत कशाचाच उपयोग होत नाही. माझा स्वभावच तसा आहे." असे मानणारा रुग्ण पुढे गोळ्याही मध्येच सोडून देतो, म्हणून मला या वाक्याची काळजी वाटते. स्वभाव खरंच बदलत नाही का? या प्रश्नाच्या उत्तराला मोठा इतिहास आहे.

१९६४ साली मार्टिन सेलिगमन हा तरुण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधनासाठी आला. तिथल्या प्रयोगशाळेत काही कुत्री विजेचा झटका बसला तरी बुटकी आडभिंत ओलांडून पळत नव्हती. नुसती पडून कण्हत होती. सेलिगमन आणि त्याचा सहकारी स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नाकाने पट्टी दाबून झटका थांबवता येई. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, पण काहीही केले तरी ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला झटके दिलेच नाहीत. नंतर सर्वांना आडभिंतीच्या पेटीत ठेवले. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातील आठपैकी सहा जागेवरच बसून राहिली. त्रास सारखाच होता. फरक होता तो 'माझ्या हातात काही आहे' या अनुभवाचा. १९६७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि या अवस्थेला 'शिकलेली हतबलता' असे नाव मिळाले. आज हे प्रयोग वाचतानाही वाईट वाटते. पण त्याच कुत्र्यांना पट्टा धरून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून नेल्यावर ती स्वतःहून उड्या मारू लागली, हेही त्यातूनच कळले.

माणसांवर असेच प्रयोग झाले, तेव्हा झटक्यांऐवजी कर्कश आवाज वापरला. साधारण तीनातला एक माणूस काही केल्या हार मानत नसे. असे का? १९७८ साली सेलिगमन, लिन अॅब्रमसन आणि जॉन टीसडेल यांनी उत्तर मांडले: वाईट घटनेचे कारण माणूस स्वतःला कसे सांगतो, यावर ते ठरते. साखर वाढली की एक रुग्ण म्हणतो, "मीच नालायक, हे कायमचेच, माझे सगळेच असे." दुसरा म्हणतो, "या महिन्यात लग्नसराई होती, गोड जास्त झाले." रिपोर्ट तोच, पण दुसऱ्याला पुढच्या महिन्यात करण्यासारखे काहीतरी उरते.

ही सांगण्याची सवय बदलण्याचे तंत्र तोवर तयारच होते. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस १९५५ पासून रुग्णांना स्वतःच्या अविवेकी विचारांशी वाद घालायला शिकवत होते. फिलाडेल्फियात अॅरन बेक हेच काम नैराश्याच्या रुग्णांसाठी करत होते. एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आपल्या महाराष्ट्रात रुजवली.

खरी कलाटणी मात्र २०१६ साली मिळाली. दरम्यान मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते. सेलिगमन यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी जाहीरपणे मान्य केले, की आपण मूळ गोष्ट उलटी समजलो होतो. दीर्घ त्रासात हात टेकणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकला जातो तो ताबा. 'मी काही करू शकतो' हे एकदा अनुभवले, की मेंदूचा पुढचा भाग त्या उपजत प्रतिक्रियेला आवर घालतो.

याचा अर्थ, हतबल वाटणे हा तुमचा दोष नाही आणि आशा ही सरावाने येणारी गोष्ट आहे. अनुवंशाचा वाटा असतो, पण सगळा नाही. म्हणून मी रुग्णाला "सकारात्मक राहा" एवढेच सांगून पाठवत नाही. रोज जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला, आधीची आणि नंतरची साखर वहीत लिहा, असे सांगतो. आकडा स्वतःच्या पायांनी खाली येताना दिसला, की उपदेशाची गरज उरत नाही. "कायमचेच" हा शब्द मनात आला, की त्याला पुरावा मागा.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. छातीत दुखत असताना "काही होत नाही" म्हणणे हा आशावाद नव्हे. जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथे सावधपणाच बरा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भुकेत बदल किंवा जगणे नको वाटणे असेल, तर तो स्वभाव नसून आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. जगणे नको वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा.