बेडकाचे हृदय आणि नळाचे पाणी

पटकीने शोष पडलेल्या किंवा अपघातात रक्त गेलेल्या रुग्णाला भारतातील रुग्णालयांत जी बाटली लावतात, तिला परिचारिका ‘आरएल’ म्हणतात. त्यातील पहिले अक्षर सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरच्या नावाचे आहे. त्यांचे मूळ द्रावण मात्र रुग्णासाठी नव्हे, तर बेडकाच्या शरीराबाहेर काढलेल्या हृदयासाठी तयार झाले.

१८८२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रिंगर यांना आढळले, की क्षारांच्या साध्या द्रावणात असे हृदय दीर्घकाळ धडधडत राहते. नंतर उलगडा झाला, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबू लागले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमच त्याला चालवत होते. १८८३ मध्ये रिंगर यांनी आपली चूक प्रांजळपणे छापली आणि त्या चुकीतूनच सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे जीवनावश्यक प्रमाण हाती आले. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील अॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेटची भर घातली आणि ‘आरएल’ सिद्ध झाले.

उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे हृदय अधिक नाजूक. १८९५ मध्ये जर्मनीतील ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी महाधमनीत नळी बसवून पोषक द्रव उलट दिशेने सोडला. त्या दाबाने झडप मिटली, द्रव हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरला आणि हृदय चालू राहिले. १९०४ मध्ये रुडॉल्फ माग्नुस यांनी मांजराच्या आतड्याचा तुकडा असाच जिवंत राखला. औषधाचा थेंब पडताच आतडे आखडते की सैलावते, हे आता डोळ्यांना दिसू लागले.

हीच पद्धत भारतातील वैद्यक व औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत रुजली. काजळी धरलेल्या कागदाचा फिरता ढोल आणि त्यावर आतड्याचे आकुंचन रेखणारी तरफ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाहिली. उत्तर आधीच ठाऊक असलेला तोच धडा गिरवण्यासाठी दरवर्षी नवे बेडूक, उंदीर व गिनीपिग मारले जात. वास्तविक १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच म्हटले होते, की पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट यांनी शिक्षणाचे काम भागत असेल, तर प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. व्यवहार बदलायला अनेक दशके लागली. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत हे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर दाखवणारी प्रणाली तयार झाली. काही प्रयोगशाळांनी खाटिकखान्यातून बकऱ्याची श्वासनलिका व कोंबडीचे आतडे आणण्यास आरंभ केला. अन्नासाठी मारलेल्या जनावराचा टाकून दिला जाणारा भाग कामी आला आणि प्रयोगासाठी वेगळा जीव घेण्याची गरज उरली नाही. अशा अवयवांना ‘दान’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण देणाऱ्याला कोणी विचारलेले नसते, याचे भान ठेवलेले बरे.

हे भान किती आवश्यक आहे, ते २०१९ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील येल विद्यापीठात कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंवर प्रयोग झाला. मृत्यूनंतर चार तासांनी विशेष द्रव खेळवताच त्यांतील पेशींची काही कार्ये पुन्हा सुरू झाली. मेंदूत जाणिवेची कोणतीही खूण उमटली नाही; ती उमटू नये म्हणून चेतापेशींची क्रिया रोखणारी औषधे त्या द्रवातच मिसळली होती. हृदय जितके अधिक काळ धडधडेल तितके उत्तम, असे रिंगर यांच्या काळी निःशंकपणे मानता येई. मेंदूबाबत तसे म्हणता येत नाही.

मार्च २०२३ मध्ये भारत सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यामुळे प्राण्यांऐवजी मानवी पेशींपासून वाढवलेले लघुअवयव, चिपवरील अवयव व संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे औषधांची चाचणी करण्यास वाट मिळाली. त्या चिमुकल्या अवयवांनाही जगण्यासाठी योग्य क्षारांचे द्रावण लागते, आणि त्यातून कॅल्शियम वगळता येत नाही.