नेमणूक, बिदागी, पगार, मानधन : कोल्हापुरातील गायनव्यवसायाचा शब्दमूलक विचार

संगीताचा इतिहास आपल्याकडे बहुधा घराण्यांच्या वंशावळी आणि गायकांच्या आख्यायिका यांच्या आधारे सांगितला जातो. गवयाचे पोट कशावर चालत होते हा प्रश्न त्यात गौण ठरतो. वस्तुतः एखाद्या विद्येचा व्यवसाय कसा बनला हे पाहावयाचे असेल, तर त्या विद्येबद्दल मिळणाऱ्या द्रव्याला समाजाने कोणकोणती नावे दिली हे तपासणे उपयुक्त होय. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या संदर्भात अशा चार शब्दांचा विचार करावयाचा आहे.

त्यापूर्वी एका स्थानिक वैशिष्ट्याचा उल्लेख केला पाहिजे. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापुरात या एकाच शब्दाने मल्लाचा आखाडा आणि गवयाची विद्या या दोहोंचा बोध होतो. ‘उस्ताद’ आणि ‘वस्ताद’ हीही एकाच शब्दाची दोन रूपे होत. पहिले गवयाकडे राहिले, दुसरे आखाड्यात रूढ झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी (१८९४–१९२२) खासबागेचे कुस्तीमैदान १९१२ मध्ये सिद्ध झाले व पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभे राहिले. मल्ल आणि गवई हे दोघेही संस्थानाने पोसावयाचे गुणी होत, ही दृष्टी या शब्दसाम्याशी सुसंगत आहे.

पहिला शब्द ‘नेमणूक’. आज त्याचा अर्थ नियुक्ती असा होतो. जुन्या दरबारी व्यवहारात ठरवून दिलेल्या वेतनालाही नेमणूक म्हणत. उणियारा येथे जन्मलेले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) १८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारी आले, ते अशा आश्रयावर. या पद्धतीत गवयाच्या विशिष्ट गायनाची किंमत ठरत नसे. त्याच्या असण्याची ठरत असे. आमलेटा येथे अतिरिक्त गायनाने आवाज बिघडल्यानंतर खाँसाहेबांनी बदललेल्या आवाजास अनुसरून गायकीची नवी घडण केली. अनवट व जोडरागांचा संग्रह आणि लयीशी अखंड बांधलेली स्वरावली यांची मशागत करण्यास जो निवांतपणा लागतो, तो दरबारी आश्रयाने पुरविला. खाँसाहेबांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. विद्या बाजारात न आणण्याचा हा आग्रह केवळ स्वभावाने टिकत नाही. त्यामागे नियमित अन्नाची शाश्वती असावी लागते. या आश्रयाचे बळ आडनावांतही दिसते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा ‘इचलकरंजीकर’ झाले, ते इचलकरंजीच्या जहागीरदारांच्या आश्रयामुळे.

तथापि ही व्यवस्था एका व्यक्तीच्या आयुष्याशी बांधलेली होती. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेबांनी आपले बिऱ्हाड मुंबईस हलविले. आश्रयाच्या काळातही सर्वांना गाण्यावरच राहता आले असे नाही. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यासारख्या तयारीच्या गवयाने काही वर्षे गायन बाजूस ठेवून संस्थानच्या जंगलखात्यात चाकरी केली. सुवर्णयुग म्हणून ज्या काळाचा गौरव होतो, त्याचे हेही एक अंग आहे.

दुसरा शब्द ‘बिदागी’. निरोप या अर्थाच्या अरबी शब्दापासून तो आला. मैफल संपल्यावर गुणिजनास निरोप देताना द्यावयाची रक्कम ती बिदागी. येथे एका रात्रीचा हिशोब होतो. मुंबईच्या व्यापारी वर्गाने पोसलेल्या मैफलींचे अर्थकारण या शब्दावर उभे होते. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई (१८९२–१९७७) लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांना अल्लादियाखाँची दीर्घ तालीम मिळाली. आपल्या बिदागीबाबत त्या काटेकोर होत्या. हा काटेकोरपणा लोभाचा द्योतक मानणे अन्यायाचे होईल. ज्या कलावंत समाजातील स्त्रियांना दरबारी आणि धनिक आश्रय अनेकदा गायनबाह्य अपेक्षांसह मिळे, त्यांतील एका गायिकेने केवळ गायनाची किंमत मागणे ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना होती.

तिसरा शब्द ‘पगार’. हा मराठीत पोर्तुगीजांकडून आला. संगीत नाटक मंडळ्यांनी गवयास पगारी केले. केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरचेच. बालवयातच ते रंगभूमीवर आले आणि १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापिली. पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ती वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडली. कोल्हापूरच्या परिसरात वाढलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत भागीदारी केली. बोलपटाने नाटक मंडळ्यांचा पाया ढासळविला, तेव्हा हेच टेंबे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीतकार व नायक झाले. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली. व्यवसायाचे केंद्र हलले की गुणी माणूसही हलतो. कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्मलेले आणि वामनराव पाध्ये यांच्याकडे शिकलेले सुधीर फडके यांची कीर्तीही पुणे–मुंबईतच फळास आली.

पगाराने गायकाचे ऐहिक जीवन सुकर केले. मात्र पगार देणारा चालीची लांबी आणि पदांची संख्याही ठरवू लागला. नाट्यगीत आणि ख्याल यांच्यातील जो वाद अनेक दशके रुचीचा म्हणून चालला, तो बऱ्याच अंशी वेळेच्या मालकीचा वाद होता असे म्हणावयास हरकत नाही.

चौथा शब्द ‘मानधन’. संस्कृतात हा बहुव्रीही समास: मान हेच ज्याचे धन, असा मानी पुरुष. मराठीत तो मानपूर्वक दिलेले धन या अर्थाने रूढ झाला. व्यक्तीचे विशेषण रकमेचे नाव बनले. संस्थाने विलीन झाल्यावर शासन, नभोवाणी आणि संगीतसंस्था या नव्या आश्रयदात्यांचा हा शब्द होय. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत स्वरचाचणी घेऊन गायकांची श्रेणी लावण्याची पद्धत रुजली. ज्यांची परीक्षा पूर्वी मैफल घेई, त्यांची आता समिती घेऊ लागली. त्याच वेळी कुलीन मध्यमवर्गीय स्त्रीस गायनव्यवसायाचा मार्ग मोकळा झाला. संबोधनांत याची खूण सापडते. केसरबाई, मोगूबाई, लक्ष्मीबाई यांच्या पुढील पिढीत किशोरीताई आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) आल्या. ‘बाई’ जाऊन ‘ताई’ येणे म्हणजे गायिकेस समाजाने नात्यात घेणे होय.

परंतु मानधनात एक अडचण आहे. पगाराची मागणी करता येते, बिदागीबद्दल घासाघीस करता येते. मानाचा भाव करणे मात्र अशोभनीय ठरते. त्यामुळे मान मिळाला, आता धनाचा आग्रह कशाला, असा युक्तिवाद या शब्दात सुप्त राहतो. तरुण कलावंत आज जो संकोच अनुभवतात, त्याचे एक मूळ येथे आहे.

या चारही शब्दांत ज्याचा समावेश झाला नाही, असे एक काम राहते, ते म्हणजे विद्यादान. भूर्जीखाँ (मृत्यू १९५०) यांनी मल्लिकार्जुन मन्सूर, गजाननबुवा जोशी, धोंडूताई यांना तालीम दिली म्हणून ही गायकी पुढे चालली. तिच्या मोबदल्याचे वेगळे, प्रतिष्ठित नाव मराठीने घडविले नाही. ‘गुरुदक्षिणा’ हा शब्द विधीचा आहे आणि ‘शिकवणी’ हा शाळकरी व्यवहाराचा. नेमणुकीने विकत घेतलेला निवांत वेळही आज कोणत्याच प्रचलित शब्दात उरलेला नाही. संगीत हा व्यवसाय म्हणून पत्करू इच्छिणाऱ्याने आणि त्याच्यासाठी अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी या दोन उणिवांकडे प्रथम पाहिले पाहिजे. कारण गवई घडतो तो या दोहोंतच, आणि उरलेले तीन शब्द घडलेल्या गवयाचा हिशोब करतात.